घरचे चार वाफे

ओसरीत कट्कन काहीतरी मोडलं. घरात तेवढाच आवाज. सासूबाई मागच्या अंगणात शेंगा निवडत होत्या, माझा नवरा परमेश्वर अंघोळीला गेलेला, नि मी उंबऱ्याला टेकून मोबाइलवर लिहीत होते, 'आजची ताजी भेंडी. आमच्या लेकराला देतो तीच.'

पुन्हा कट्. मग चावल्याचा आवाज.

जाऊन पाहते तर राजनंदिनी क्रेटमध्ये हात घालून बसलेली. आमची पाच वर्षांची पोर. कोवळी भेंडी ती काकडीसारखी कच्चीच खाते, पण विहिरीमागच्या वाफ्यांतली. ते चार वाफे घरचे, तिथं फवारणीचा पंप नेत नाहीत. क्रेटमधली भेंडी रस्त्याकडच्या मळ्यातली होती. काल दिवस मावळताना फवारलेली, आज सकाळी तोडलेली.

मी किंचाळले तसा परमेश्वर ओल्या अंगानं धावत आला.

"किती खाल्ल्या? नंदे, किती?"

तिनं तीन बोटं दाखवली. त्यानं तिला मांडीवर पालथी घातली नि घशात बोट घातलं. सासूबाईंनी मिठाचं पाणी आणलं. पुन्हा बोट. नाकातोंडातून हिरवा चोथा आला. मधेच श्वास सापडला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मी परत न्हाई करनार." जणू चूक तिची होती.

अर्ध्या तासानं ती माझ्या मांडीवर निपचित पडली. कपाळ थंड, ओठ लाल. पदर ओला करून तिची हनुवटी पुसली, छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिले. आणि परमेश्वर ओसरीतले क्रेट उचलून टेम्पोत ठेवू लागला.

"ते कुठं नेताय?"

"गेवराईला. आन कुठं?"

गेवराईची तीस घरं आमच्याकडून दुप्पट भावानं भाजी घेतात. मोबाइलवरच्या ग्रुपचं नाव 'विषमुक्त ताट'. सुरुवात खरी होती, घरच्या वाफ्यांतलं उरेल तेवढंच द्यायचो. घरं वाढली, वाफे चारच राहिले. मग रस्त्याकडची भाजी त्यात मिसळू लागली. मला कळलं होतं. तरी रोज मीच लिहीत होते.

"ही भेंडी जाणार नाही," मी म्हणाले.

"अगं, धुतलं की जातं ते. सगळं जग खातंय."

"मग नंदीला धुऊन द्यायची होती. घशात बोट कावून घातलं?"

"लेकरू हाय माझं!"

"आणि वनमालाताईंचं काय कोंबडीचं पिल्लू हाय?"

गेवराईच्या वनमालाताईंचा मुलगा काविळीतून उठलाय. दुसरं काही खात नाही म्हणून त्या एक दिवसाआड आमची भेंडी नेतात.

सासूबाई मधे पडल्या. "आमच्या सासऱ्यापासून घरचे वाफे येगळेच हायत. कुनाचं काय वाईट झालं?"

"झालं तर सांगायला ते इथं येतील का, आत्या?"

"बीए केलेली बायको केली की हे आसं ऐकावं लागतं," परमेश्वर म्हणाला.

"बीए केलेली होती म्हणून तर तुमचं खोटं शुद्ध लिहिलं."

सेंद्रिय खाल्लं की माणूस शंभर वर्षं जगतो असं माझं म्हणणं नाही. त्यात ताकद जास्त असते का, तेही मला ठाऊक नाही. पण फवारल्यावर सात दिवस तोडू नये, हे औषधाच्या डब्यावर छापलंय. ते मी त्याला वाचून दाखवलंय. त्यानं ऐकलंयही. म्हणून तर घरच्या वाफ्यांत पंप जात नाही. माहीत नसतं तर मी एवढी पेटले नसते.

तो टेम्पोत बसला. मी सकाळचं वाक्य पुसलं नि लिहिलं, 'आजची भेंडी काल फवारलेली आहे. घेऊ नका. याआधीचीही सगळी सेंद्रिय नव्हती.' आणि पाठवून दिलं.

टेम्पो फाटकाशीच थांबला. त्याचा मोबाइल वाजत होता. तो उतरला, माझ्याकडे पाहिलं, नि टेम्पोतला एक क्रेट खाली ओढून त्याला अशी लाथ घातली की भेंडी अंगणभर झाली. "धंदा बुडवलास. आता बस घरच्या वाफ्यात!"

मग माझा वाजला. वनमालाताई. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "परवाची पण का गं?"

"हो, ताई."

मग फोन बंद झाला.

नंदी डोळे उघडून सगळं ऐकत होती. घसा बसलेला, तरी उठून बसली.

"आई, त्या ताईंच्या पोरानं पन खाल्ली?"

"हो गं बाळा."

तिनं घशावर हात ठेवला.

"मग त्याच्या घशात कुनी बोट घातलं?"