मधलं मशीन

घरात तिला चिमी म्हणत. भूजल प्रयोगशाळेतलं युनिक्स मशीन, म्हणजे तिथला संगणक, ती एकटी सांभाळायची. जेवणाच्या सुट्टीत तिचा मोडेम किंचाळत विद्यापीठातल्या मशीनला फोन लावायचा, ईमेलचा गठ्ठा तिकडे टाकायचा, आलेला उचलून आणायचा. पुढच्या गावांना फोन करून टपाल सरकवायचं काम त्या मधल्या मशीनचं. ते दादाच्या, तिच्या सख्ख्या भावाच्या ताब्यात होतं. हे काम तिला त्यानंच शिकवलं होतं.

पाण्याची आकडेवारी ज्या दूरच्या संस्थेला जायची, तिथेच तिनं नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखत फोनवर झाली, झकास झाली. पुढे मात्र काहीच नाही. टपाल उघडताना तिचा जीव टांगणीला लागायचा.

"जाऊ दे गं," दादा म्हणाला होता, "त्यांचंच नुकसान."

मग दादाच्या मशीनची डिस्क बसली, मशीन बंद पडलं. आकडेवारी तर अडून राहिलेली. चिमीनं त्या संस्थेशी थेट जोडणी करायचं ठरवून तिथल्या ऑपरेटरला फोन लावला. पासवर्ड ठरवता ठरवता तो म्हणाला, "मॅडम, ती जागा तुम्हीच नाकारलीत ना? साहेब फार हळहळले."

"मी? मला तर तुमचं उत्तरच आलं नाही."

"असं कसं? घरच्या अडचणीमुळे येता येत नाही, असं तुमचंच ईमेल आलं की. ती जागा भरलीसुद्धा."

चिमीनं फोन ठेवला. मधल्या मशीनवर बसून तिच्या नावानं लिहिणं कुणाला जमेल, हे तिला वेगळं शोधावं लागलं नाही.

दादा उघड्या मशीनसमोर उकिडवा बसला होता, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"माझं उत्तर तू दाबलंस?"

त्यानं वर पाहिलं नाही. "आईला कोण बघणार होतं? तू निघून गेली असतीस. माझी फिरतीची कामं, पोरं..."

"मग तोंडावर सांगायचंस! भांडले असते तुझ्याशी. माझ्या नावानं नाही म्हणालास, आणि वर माझीच समजूत काढलीस?"

"चिमे, मला दुसरं काही सुचलं नाही गं."

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मला विचारायचं तरी. मी 'जा' म्हटलं असतं."

तेव्हा कुठे चिमी रडली.

प्रयोगशाळेचं टपाल त्यानंतर थेटच जाऊ लागलं. फोनचं बिल वाढलं तशी तिच्या साहेबांनी कुरकुर केली, पण ती बधली नाही. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या गावात नोकरी मिळाली. आईचं सामान तिनं स्वतः दादाच्या घरी नेऊन लावलं, औषधांच्या वेळा वहिनीला समजावल्या. दादा दारात उभा होता. "पोचल्यावर कळव," तो म्हणाला.

"आईला कळवीन," चिमी म्हणाली, आणि जिना उतरली.