आडव्या रेषेवरचा हायड्रोजन

पांढरा गोळा काडीवरून पुन्हा निसटला... अंजलीनं तो दाबून बसवला. मधोमध कार्बन, त्याला चार काड्या, चार रंगांचे चार गोळे. रेणूचं हे मॉडेल आणि आरशातलं त्याचं रूप, काही केल्या एकमेकांवर बसत नाहीत — डावा हातमोजा उजव्या हातात घालून बघा, असं ती गंगापूर रोडवरच्या या क्लासमध्ये नऊ वर्षं सांगत आली होती. आणि हेही, दर बॅचला, फळ्यावर खडू आपटून: कागदावर हायड्रोजन आडव्या रेषेवर असला, की तो आपल्या बाजूला आलेला असतो, तेव्हा डावं की उजवं, जे उत्तर येईल ते उलटं करायचं.

आज सकाळी शिकवताना, मोफत बॅचसाठी जूनमध्ये घेतलेल्या निवड चाचणीतला तसाच प्रश्न निघाला. चाचणीची छापील उत्तरं तिनंच काढून दिलेली. तिनं मॉडेल फिरवून पाहिलं — उलटं करायचं राहून गेलं होतं.

चाचणी दिलेली राखी आली होती की तेव्हा, वही घेऊन, अंजलीला आठवलं. "मॅडम, हायड्रोजन आडवा हे ना? मग उत्तर उलटं येईल." आणि मी, वहीकडे न बघता... "छापलंय तेच बरोबर. आधी बेसिक पक्कं कर." मागे चाळीस मुलं होती, डोकं ठणकत होतं — कारणं काय, हवी तेवढी सापडतात. त्या एका प्रश्नानं राखीची मोफत बॅच हुकली आणि ती गावी, चांदवडला परत गेली.

दुपारी तिचे वडील, सहादूभाऊ, क्लासमध्ये राहिलेली दहावीची गुणपत्रिका न्यायला आले.

"कशी आहे राखी?"

"बरी हे. पुस्तकं बांधून ठिवली. म्हनती, मला केमिस्ट्री कळतच नाय."

सांगावं, न सांगावं... "भाऊ, तिचं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी गुणपत्रिकेची घडी घातली. "मग आता घेत्याल तिला?"

"यादी बंद झालीय. बॅच सुरू होऊन दोन महिने झाले..."

"मंग तिला सांगू नका, मॅडम. आत्ताशी कुठं रडायची थांबली."

ते जिना उतरून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अंजली मनाशी म्हणाली, पण ते खरं नव्हतं. तिला हायसं वाटलं होतं. अगदी स्पष्ट, छातीतून मोकळा श्वास सुटावा इतकं — आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला किळस आली. चांदवडला एक मुलगी स्वतःला मठ्ठ समजत राहणार होती. ती तशी नाही, हे ठाऊक असलेली दोन माणसं गप्प बसणार होती, आणि त्यातल्या एकीलाच ते सोपं जाणार होतं.