खोक्यातलं धोरण

तर झालं काय, पूल खात्याच्या ग्रंथालयात नवी ग्रंथपाल आली आणि आल्या आल्या तिने नको तो पराक्रम केला. सगळं आवरलं.

आता हे ग्रंथालय म्हणजे काय, तर पुलांचे नकाशे. भिंतभर खण, प्रत्येक पुलाला एक खण, खणात नकाशाची लांबलचक नळी. पण कितीतरी खणांत नळीच नाही. कुठे छत्री, कुठे डब्याचं झाकण, कुठे चष्मा, आणि एका खणात तर चक्क डाव्या पायाचा बूट. तिने नाक मुरडत सगळं एका खोक्यात कोंबलं, वर ‘बेवारस’ लिहिलं आणि बसली माहिती धोरण लिहायला. चांगलं जाडजूड. नकाशा कोणाला द्यायचा, कोणाच्या सहीने, सगळं त्यात. ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेलं आणि तिथेच पडून राहिलं.

इकडे नकाशे कोणाकडे आहेत, कोणालाच कळेना. वाहन विभागाचे साहेब टपूनच बसलेले. “निम्मे नकाशे गायब. उरलेले गोदामात टाका, खोली आम्हाला द्या.” सोमवारी बैठक ठरली. खोली गेली की हिची नोकरीही गेली.

रविवारी आत्यासमोर तिने सगळं रडगाणं गायलं. आत्या हसत सुटली. “अगं, नवी सून आली की आधी डबे हलवते, मग अख्खं घर मीठ शोधत बसतं. एक बूट विसरून कोण घरी जातं? मुद्दाम ठेवलाय तो.”

हिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

सोमवारी तिने खोकं बैठकीच्या टेबलावर ठेवलं. झाकण उघडायचा अवकाश, अर्धे अभियंते उभे.

“अहो, माझी छत्री.”

“आधी नकाशा, मग छत्री.”

“अहो, आमची पद्धत हीच तर आहे. नळी न्यायची, वस्तू ठेवायची. वस्तू बघून कळतं, कोणी नेली.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही धोरण लिहीत होतात.”

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी हळूच खोक्यातून चष्मा उचलला. “हा इथे होय? म्हणून तुमचं धोरण वाचायचं राहिलं.”

ती घाबरत घाबरत म्हणाली, “साहेब, आधी नकाशा.”

साहेब उठले, केबिनमधून नळी घेऊन आले, चष्मा चढवला आणि तिथेच धोरण वाचलं. बरंच खोडलं. वर एकच ओळ लिहिली: नेणाऱ्याने वस्तू ठेवावी, ग्रंथपालांनी ती हलवू नये.

“आणि वस्तूला नावाची चिठ्ठी लावावी,” ती म्हणाली. तेही लिहिलं.

पण खोलीचं काय, ते कोणी बोलेचना. एकेकाने नळी आणून आपापली वस्तू नेली. खोक्यात आता फक्त बूट उरला होता, आणि वाहन विभागाचे साहेब मघापासून खिडकीबाहेरच बघत होते.

संध्याकाळी तेच दारात आले. काखेत नळी.

“खोली राहू दे तुमची,” ते म्हणाले. “बूट द्या.”