भिंगरीकाकांचं ठाण

पायाला भिंगरी लावलेल्या माणसाला दुकानात बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखंच की! भिंगरीकाकांनी उभा जन्म खांद्यावर पिशवी अडकवून कचेऱ्या-कचेऱ्यांतून पेनं, कागद, कार्बन विकले. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा लेकीने हे दुकान घेऊन दिलं. पण काका सारखे खुर्चीतून उठत, दारात जात, परत येत. दोनदा तर कुलूप ठोकून पसार झाले.

"बाबा, पुन्हा कुलूप दिसलं ना, तर दुकान देऊन टाकेन मी," स्टुलावर चढून 'स्टेशनरी'ची पाटी लावणारी लेक कडाडली.

"हा स्टेशनरी शब्द आला कुठून गं?" काकांनी विषय बदलला.

"जुन्या काळी तिकडे विलायतेत विकणारे बहुतेक सगळे फिरते. जो एका जागी ठाण मांडून पुस्तकं-कागद विकायचा, तो स्टेशनर. त्याचा माल ती स्टेशनरी."

"मग मी जन्मभर काय फुगे विकले?"

लेक हसली, कामाला निघून गेली. काकांना मात्र ते डाचत राहिलं. बसणाऱ्याच्या मालाला नाव, आणि चालणाऱ्याच्या पायांना नुसते गोळे! त्यात कोर्टाबाहेरच्या टायपिस्टबाई आठवल्या. रिबन फिकी पडायच्या आत काका तिथे हजर, हा शिरस्ता. आता बाईंची अक्षरं पुसट उमटत असतील. जीव राहीना. रिबन खिशात घातली, कुलूप लावलं आणि निघाले.

कोर्टाबाहेर टाइपरायटर झाकलेला, खुर्ची रिकामी.

"बाई?" शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. "अहो, त्या तुमच्याच दुकानात गेल्यात!"

काका लंगडत माघारी फिरले.

दुकानाच्या पायरीवर बाई घाम पुसत बसल्या होत्या. शेजारी कामावरून परतलेली लेक उभी.

"दुसऱ्यांदा आले मी," बाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला पोस्टातले साहेबही इथूनच परत गेले. म्हटलं, म्हातारा खपला की काय!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दार उघडलं, रिबन बाईंच्या हातात दिली. मग कुलूप आणि किल्ली दोन्ही लेकीच्या ओंजळीत ठेवली.

"घेऊन जा. रोज सकाळी तूच उघड, संध्याकाळी येऊन तूच लाव. हे हाताशी असलं की माझा मलाच भरवसा नाही."

आणि ते खुर्चीत बसले. पाय हलतच होते, पण बसले.