मीनू म्हणजे मासा

"आई, माझं नाव बदल." मीनूने दारातच दप्तर टाकलं. "आजच्या आज!"

पुण्याहून व्हाइटफील्डला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. मीनाक्षीची मीनू झाली ती पाळण्यातच. कन्नडमध्ये मीनु म्हणजे मासा, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? तिच्या वर्गातल्या मुलांनी मात्र लगेच सांगितलं, तेही नाकं दाबून.

"मी उद्या शाळेत जाणारच नाही."

शेजारच्या शिवलीलाअक्का मूळच्या बेळगावच्या. त्या समजूत घालायला धावल्या. "अगं, मासाच की तू! काय झालं त्यात?"

झालं! मीनू पलंगाखाली शिरली.

अक्का ओशाळल्या. "स्वल्प चुकलंच माझं. चंदनअण्णाच्या दुकानात ने बघू तिला. रंगीत मासे बघून खुलतीय बघ."

मीनूच्या तान्ह्या भावाला अक्कांच्या मांडीवर देऊन आम्ही निघालो. दुकानात लाल-सोनेरी मासे झुलत होते. मीनूने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या टाकीपाशी मात्र थबकली. आत पंपाने पाणी नुसतं उसळत होतं आणि काचेला काहीतरी चपटं, तपकिरी चिकटलं होतं.

"आई, स्टिकर?"

स्टिकर सरकला. मीनू किंचाळली.

"घाटातल्या ओढ्यातला हाय त्यो," चंदनअण्णा हसले. "पाणी किती बी जोरात येऊ दे, पोटानं दगड धरून बसतोय. मी कल्लु मीनु म्हणतो त्याला. दगडी मासा."

"मीनु? हा पण?" तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा पण."

"वास येतो त्याला?"

"वाहत्या पाण्यातल्याला कुठला वास, पुट्टी?" अण्णा लाडाने म्हणाले.

घरी न्यायचा हट्ट झालाच. पण अण्णाच नको म्हणाले. पंपाशिवाय घरच्या साध्या टाकीत तो तगला नसता.

सकाळी शाळेच्या फाटकाशी टोळकं तयारच होतं. "मीनु, मीनु!" नाकं दाबलेली. मी तिचा हात घट्ट धरला. तो तिने सोडवला, फाटकाच्या खांबाला पोट आणि गाल टेकवून घट्ट बिलगली आणि ओरडली, "कल्लु मीनु! ओढा मला!"

ओढायचं तर नाक सोडावं लागतं. एकाने सोडलं, मग सगळ्यांनीच. मीनू हलेना. शेवटी एक दमलेला मुलगा तिच्या खालीच खांबाला चिकटला. "नानू मीनु!" म्हणजे, मीही मासा!

घंटा झाली तेव्हा बाई खांबावरून एकेक मासा सोडवत होत्या. माझी सगळ्यात शेवटी सुटली आणि मागे वळूनही न बघता आत पळाली.

मीच आपली तिथे उभी, हात हलवत.