पर्विसबाईंसाठी बस आली नाही

व्हर्निसची लेक डेनिटा शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. शाळा पुन्हा काळ्यांच्या वेगळ्या नि गोऱ्यांच्या वेगळ्या झाल्यात, तेव्हा काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत नेणारी बस परत सुरू करा, हा तिचा धोशा. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या जेवणघरात आईने उठून ‘बसनेच माझं भलं केलं’ एवढं म्हणावं, बास. म्हाताऱ्यांची मतं गेली तर डेनिटा पडणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

व्हर्निस उठली ती बसचं बोलायलाच. पण तोंडात आल्या पर्विसबाई.

काळ्यांच्या वस्तीतल्या शाळेत पाचवीला त्या शिकवायच्या. वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी एका रविवारी त्या जेवायला यायच्या. तळलेली कोंबडी खाता खाता व्हर्निसच्या आईला सांगायच्या, पोरगी हुशार आहे हो, पण जिभेला हाड नाही. मग काळी-गोरी पोरं एकत्र शिकवा, असा कोर्टाचा हुकूम झाला. वस्तीतली शाळा बंद, पोरं बसने गोऱ्यांच्या शाळेत. तिथे प्रयोगशाळा होती, कोरी पुस्तकं होती, खोटं कशाला बोलायचं? आईने तिथल्या नव्या गोऱ्या बाईंनाही जेवायचा निरोप धाडला आणि कोंबडी तळून दारात बसली. बाई आल्या नाहीत. तिकडे तशी रीतच नव्हती, पण ते त्या माउलीच्या डोक्यातही आलं नाही. बाईंना बरं नसेल म्हणाली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा रांधलं.

“पोरांना न्यायला बस आली,” व्हर्निस म्हणाली. “पर्विसबाईंना न्यायला कुणी आलं नाही. गोऱ्यांच्या शाळेने घेतलं नाही, नोकरी गेली त्यांची. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरलं बिचाऱ्यांनी. मला अजून त्यांची आठवण येते. आज या वयात येते.”

डेनिटाचा चेहरा पार उतरला. चर्चचा कारभार बघणारा डीकन कॅल्विन समोरच्या उमेदवाराचा माणूस, त्याच्या हाती आयतंच कोलीत. तो म्हणाला, ऐकलंत ना, सख्खी आईच सांगतेय बस नको म्हणून.

“कॅल्विन, माझ्या तोंडी तुझे शब्द घालू नकोस,” व्हर्निस म्हणाली. “उद्या बस आली तर नातीचा हात धरून मीच तिला चढवीन. आणि ती परत येईस्तोवर रडत बसेन. दोन्ही करीन मी. माझ्या आईने दोन्ही केलं.”

आजी रडायची हे डेनिटाने जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. भाषणाचे कागद तिच्या हातात होते, बोलायची पाळी तिची होती. तिने ते बाजूला ठेवले. ती आईला बिलगून बसून राहिली, आणि लोक थांबले.