तळाशी राहिलेली पोन्नक्के

‘पाण्यात सोडून जातं का कुणी पोरीला?’ असं म्हणत अप्पी पूजार्तीने अर्धी वळलेली विडी सुपात टाकली. ‘चार वर्षं येतंय, येतंय म्हणून आख्ख्या गावाला वाट बघायला लावलीस. सहाशे पानं लिहिलीस. आणि शेवटी काय, तर पोर तळ्याच्या तळाशी अन् वर दार बंद. पुढचं म्हणे दोन वर्षांनी, दुसऱ्या भागात. तोवर काय खायचं तिने, शेवाळ?’

पडवीत विड्या वळणाऱ्या चौघी मान खाली घालून हसू दाबत होत्या. जिला उद्देशून हे चाललं होतं ती नात, अश्विता, सकाळच्या बसने बंगळुरूहून आली होती आणि तिच्या हातातली कॉफीसुद्धा अजून संपली नव्हती.

अप्पीच्या धाकट्या सुनेने, जलजाने, पंधरा दिवस रोज दुपारी अश्विताचं ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून देत, इतकी सगळ्यांना ओढ लागली होती. अप्पी दुसरीतून शाळेबाहेर पडली ती पडलीच. पण गोष्ट कुणाची आहे हे कळायला तिला अक्षर लागलं नाही. भात लावताना तिने उचलायचं आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं, ते पोन्नक्केचं पाड्दन, शेतातलं ते लांबलचक कथागीत, तिचं होतं. अश्विताने त्यातली पोन्नक्के घेतली, सोळा वर्षांची केली, तळ्याखाली तिला नागांचं राज्य दिलं, खेकड्यांची फौज दिली. त्या फौजेला अप्पी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. पाताळातली म्हातारी राणी तर थेट अप्पीच्याच शिव्या द्यायची. ‘ते पान परत वाच,’ असं तिने जलजाला तीनदा सांगितलं होतं. हे मात्र ती नातीपाशी बोलली नाही.

‘अज्जी, कार्कळच्या शाळेतल्या पोरींनी रांगा लावल्यात,’ अश्विता म्हणाली. ‘पुढे काय होतं म्हणून विचारत असतात सारख्या. थोडी उत्सुकता राहायला हवी ना.’

‘उत्सुकता? शेतात हे पाड्दन उचललं की पोन्नक्के काठावर आल्याशिवाय चिखलातून पाय काढायचा नाही. वीज कडाडो की पोटात कळ येवो. माझ्या सासूने त्यापायी बाळंतवेणा दाबून धरल्या होत्या. आणि तू खुशाल उठलीस, हात झटकलेस, वर फोटो काढून घेतलास.’

‘मागच्या पानावरचा,’ जलजा हळूच म्हणाली. ‘बरा आलाय.’

‘तू विडी वळ.’

अश्विताने पेला खाली ठेवला. आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. ती मान कुणावर गेली आहे हे पडवीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

‘मग कशी काढू तिला बाहेर, ते सांग. बारा वेळा लिहिलं नि बारा वेळा फाडलं. मला पुढचं येतच नाही, अज्जी. मी बांधावर बसून ऐकायचे, आणि तू दर वेळी इथवर आलीस की मला घरी पिटाळायचीस. ताक घेऊन ये. कोंबड्या झाकल्या का बघ. मी परत येईपर्यंत सगळ्या पाय धूत असायच्या.’

चौघींचे हात थांबले. अप्पीने कात्री उचलली, एक पान कापलं, मग कापलेलंच पुन्हा कापलं.

‘सांगा की, मामी,’ जलजा म्हणाली.

‘मीच कशाला? तुम्हालाही येतं. म्हणा.’

चौघी पुन्हा विड्यांवर वाकल्या.

‘भाऊ येतात,’ अप्पी म्हणाली. तिने चाल लावली नाही. दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. ‘सात भाऊ. तळ्यात गळ टाकतात. तो तिच्या केसांत अडकतो. केसांनी ओढत काठावर आणतात, अंग पुसतात, आणि ज्या म्हाताऱ्या जमीनदाराला नको म्हणून तिने उडी घेतली, त्याच्याच हातात तिचा हात देतात. अक्षता पडतात. मग आम्ही पाय धुतो.’

चालीवर गाताना हे कधी इतकं उघडं पडलं नव्हतं. एकीने पदराने तोंड पुसलं. अश्विता काही विचारणार, तोच अप्पीने हात आडवा केला. जलजाच्या शेजारचं पुस्तक ओढून तिने मांडीवर घेतलं आणि वाचता येत नसलेल्या शेवटच्या पानावर तळवा दाबून धरला.

‘तुझं चुकलंच,’ ती नातीला म्हणाली. ‘पोरीला असं टाकून उठायचं नसतं. पण ते भाऊ तुझ्या पुस्तकात आले, तर पुस्तक चुलीत जाईल आणि तुलाही मी या दारात उभी करणार नाही. ती येईल तर आपल्या पायांनी येईल. कशी, ते मला विचारू नकोस. एवढी शिकलीस कशाला मग? आणि दोन वर्षंबिर्षं मला सांगायची नाहीत. भातलावणीच्या आत लिहून आण. यंदा त्या भावांना मी शेतात पाय ठेवू देणार नाही.’